जुन्या रुळांच्या वाटेवरची ओटी

नौपाड्यातून आम्ही उजाडताच निघालो, तेव्हा सासूबाईंच्या पिशवीत खण, नारळ, तांदूळ आणि दशम्या (दुधात भिजवलेल्या कणकेच्या पोळ्या) होत्या. माझ्याकडे फक्त कुरकुर होती. बँकेतली हक्काची रजा कसारा घाटातल्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर घालवायची, हे मला काही पटलेलं नव्हतं.

पूर्वी त्या मार्गावर गाडी घाटाच्या मध्यावर थांबायची. इंजिन दुसऱ्या टोकाला जोडलं, की गाडी उलट्या दिशेनं पुढचा चढ चढायची. तेवढ्यात उतारू तिथल्या देवीला नमस्कार करून येत. सासूबाई पोटात असताना त्यांच्या आईनं तिला नवस बोलला होता, पोर जगली तर तुझी ओटी भरीन. पुढे मार्ग बदलला, गाडी तिथून जाईना, नवस राहून गेला. सासूबाई विधवा, म्हणून ओटी भरायला सवाष्ण सून हवी होती.

कसाऱ्याला उतरून चालू लागलो. रूळ केव्हाच उखडलेले, खडी मात्र गवताखाली शाबूत. एका बाजूला उभा काळा कडा, दुसरीकडे दरी इतकी खोल, की खालची गुरं ओळखू येईनात. माझी कुरकुर तिथेच संपली. पुढे चपलेचा अंगठा तुटला आणि मी खडी चुकवत अनवाणी चालू लागले. सासूबाई आपल्या मजेत पुढे.

देवीचा कोनाडा सापडला, पण रिकामा. शेजारी गुरं राखणारी एक ठाकर बाई म्हणाली, "देवी कवाच नव्या लायनीजवळ गेली. गाडी ऱ्हायली नाय, मंग ती हितं कोनासाठी ऱ्हाईल?"

सासूबाई मटकन बसल्या. नाशिकला माहेरी जाताना नव्या लायनीजवळची ती देवी गाडीच्या खिडकीतून दर वेळी दिसायची. 'ही आपली नव्हे' म्हणून त्यांनी तिला कधी हात जोडले नव्हते. मला आधी हसू आलं, मग त्यांचा चेहरा बघून मी शेजारी बसले आणि पिशवी सोडली. दशम्या आणि लसणाची चटणी तिघींनी मिळून खाल्ली. मग त्या बाईनंच आम्हाला पायवाटेनं नव्या लायनीजवळ पोचवलं.

शेंदूर फासलेली हातभर देवी. मी पदर खोचून पुढे झाले, पण सासूबाईंच्या हातून खण सुटेना.

"आई, तुम्हीच भरा," मी म्हणाले.

"अगं, मला चालतं का?"

"नवस तुमच्यासाठीच होता ना? मग मी कोण मध्ये?"

त्यांनी देवीकडे पाहिलं आणि आपल्या हातांनी ओटी भरली. मला रडू आवरलं नाही.

परतीच्या गाडीत आंबिवली स्टेशन मागे पडलं. घरी नणंदा, शेजारणी विचारणार, हे दोघींना ठाऊक होतं. "ओटी भरली, एवढंच सांगेन," मी हळूच म्हणाले.

"नको," सासूबाई म्हणाल्या. "सासूनं भरली म्हणून सांग."