लाल इंजेक्शन

१९७६ साली माझी पारूआत्या सोलापुरात गिरणीत सूत गुंडाळायची. काही दिवस ती चौघींचं काम एकटी करायची, झोप सोडून गाणी म्हणायची. मग एकदम अंथरूण धरायची. सात रस्ता चौकातल्या डॉक्टरांनी जीभ पाहिली, व्हिटॅमिन कमी म्हणून लाल इंजेक्शनं सुरू केली आणि मनाच्या आजारावर पांढऱ्या गोळ्या दिल्या. आत्या सावरली. आमच्या घरातल्या शहाण्यांनी सगळं श्रेय इंजेक्शनला दिलं, कारण ते रक्तासारखं लाल होतं. गोळ्या बंद केल्या. महिन्याभरात आत्या पुन्हा चौघींचं काम करू लागली.

"इंजेक्शन लागू पडलं की," वडील म्हणाले.

आत्या गाणं थांबवून मला म्हणाली, "पोरी, ही ताकद न्हाय, बैल उधळलाय. माझ्या गोळ्या कुटं टाकल्या, तुझ्या बापाला विचार."