पुलाच्या चढावरील परीक्षा

गेल्या रविवारी सकाळी साडेसहा वाजता, आमच्या कुंभकोणम्‌च्या रेल्वेवरील पुलाच्या चढावर माझी परीक्षा झाली. परीक्षार्थीचे वय एकाहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी... परीक्षक माझी सख्खी नात वैदेही.

वैदेही चेन्नईस नोकरी करते. वैशाखात बर्फ कापून हिमालयातील घाट मोकळे करतात, तेव्हा ती व तिची एक मैत्रीण मोटारसायकलींवरून मनालीहून बारालाचा खिंडीपर्यंत जाणार आहेत. हे ऐकल्यावर मीही येणार, असे मी जाहीर केले.

डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली. मी एक दोनशे पानी वही आणली आणि प्रवासाची योजना स्वहस्ते लिहून काढली... कोणत्या दिवशी किती वाजता निघावयाचे, पेट्रोल कोठे भरावयाचे, उंचीची सवय व्हावी म्हणून मुक्काम कोठे वाढवावयाचा. पहिल्या पानावर लिहिले : प्रवासी तीन.

येथे नम्रपणे नमूद करतो, की मी चव्वेचाळीस वर्षे मोटारसायकल चालवीत आहे. मेलकावेरीपासून पट्टीश्वरम्‌पर्यंत विणकरांच्या घरी रेशीम पोहोचविण्याचा माझा व्यवसाय होता. या काळात मी एकदाही पडलो नाही आणि रेशमाची एक लडही भिजू दिली नाही.

परंतु वैदेहीने एकच प्रश्न विचारला. “अज्जा, चढावर मध्येच थांबून पुन्हा गाडी काढलीय कधी?”

मी विचारात पडलो... आमचा कावेरीकाठ म्हणजे ताटासारखा सपाट. चढ म्हणून जो काय आहे, तो हा पूल. आणि पुलावर मध्येच थांबण्याचे कारण सभ्य माणसास पडत नाही.

तिची अट स्पष्ट होती. सामान लादून चढावर थांबावयाचे, मागे न घसरता निघावयाचे, असे सलग तीन वेळा. जमले नाही तर मी मागून येणाऱ्या सामानाच्या गाडीतून यावे. सामानाबरोबर... मी.

सरावाच्या पहिल्या दिवशी मी एकटाच पुलावर गेलो आणि तीनदा मागे घसरलो. पुलाखालचा कॉफीवाला आम्हां मराठी लोकांना येथील रिवाजाप्रमाणे ‘रायर’ म्हणतो. तो तमिळमध्ये ओरडला, “रायर, हिमालय पुढच्या बाजूला आहे!” त्या दिवशी मी त्याच्याकडे कॉफी घेतली नाही.

वैदेहीने फोनवर युक्ती समजावली. पायाने ब्रेक दाबून ठेवायचा, क्लच हळूहळू सोडायचा, इंजिनाचा आवाज जड झाला की ब्रेक सोडायचा. सरावासाठी वजन हवे होते. मी तांदळाच्या गोणी बांधू लागलो, तेव्हा आमच्या सौभाग्यवती रुक्मिणीबाई म्हणाल्या, “गोणी कशाला? मी बसते की. हेल्मेट तेवढं द्या.”

आणि काय आश्चर्य... त्या दिवसापासून गाडी एकदाही घसरली नाही. दर खेपेस निघताना त्या माझ्या खांद्यात बोटे रुतवीत. मला वाटे, घाबरतात. मी धीर देत असे. महिन्याभरात कॉफीवालाही गप्प झाला.

रविवारी परीक्षेस वैदेही आली. तिने अज्जीला खाली उतरविले. “घाटात तू नसणार, अज्जी. गोणी बांधा.” गोणी बांधल्या.

मी चढावर थांबलो, क्लच सोडला... गाडी मागे. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी इंजिन बंद पडून गाडी कलली. वैदेहीने धावत येऊन ती सावरली म्हणून मी पडलो नाही. मला सामानाची गाडी डोळ्यांसमोर दिसू लागली.

तेव्हा रुक्मिणीबाई चढ चढून आल्या. माझ्याकडे न पाहता नातीस म्हणाल्या, “आवाज जड झाला की मी बोटं दाबत होते ग. यांना ऐकू येत नाही तो.”

पुलावरून एक बस गेली. तिचा आवाज मला आला... तेवढाच आला.

“केव्हापासून ठाऊक आहे तुम्हांला?” मी विचारले.

“चार वर्षं झाली.”

“मग सांगितले का नाही?”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?”

वैदेही हसू दाबीत होती. मला राग यावयास हवा होता. आला नाही. चार वर्षे ही स्त्री दाराची घंटा, दूधवाल्याची हाक, कुकरच्या शिट्ट्या माझ्या वाट्याच्याही ऐकत होती आणि मी समजत होतो, की मला सर्व ऐकू येते.

गोणी सोडल्या. रुक्मिणीबाई मागे बसल्या. सलग तीन वेळा गाडी निघाली. परीक्षकांचा निकाल असा : उत्तीर्ण, परंतु दोघे मिळून. शिवाय कानाच्या डॉक्टरांकडे जाणे सक्तीचे. ते मी मान्य केले आहे. रुक्मिणीबाईंनाही हृदय तपासून डॉक्टरांनी परवानगी दिली. रुक्मिणीबाईंची अट एवढीच, की कॉफीची पूड आणि फिल्टर त्यांच्या पिशवीत राहतील.

वहीतील ‘तीन’ खोडून मी ‘चार’ लिहिले. खाडाखोड मला आवडत नाही, तरीही पान बदलले नाही.

यंत्र कानात बसवूनच मी जाणार आहे. तरीसुद्धा बारालाचाच्या चढावर थांबावे लागले, तर इंजिनाचा आवाज जड झालेला मला ऐकू आला तरी मी लगेच निघणार नाही... खांद्यात बोटे रुतेपर्यंत थांबेन.