चकचकीत हंडे

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी मी सुप्याच्या एमआयडीसीत, एका प्लास्टिकच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळायचो. एकदा परदेशातून नमुन्याची पिशवी आली. मधाच्या रंगाचे दाणे. साधं प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांब साखळ्या. ह्यातला रेणू मात्र बाभळीसारखा, फांदीला फांदी, तिला पुन्हा फांदी. एकमेकांशी न जमणाऱ्या दोन प्लास्टिकांत तो थोडासा टाकला, की वितळलेला माल साच्यात सरसर धावायचा आणि दोघांची पकडही सुटायची नाही. त्या मिश्रणाची पहिली पट्टी मी हातानं दुमडली. तुटली नाही. त्या आनंदात मी जेवायचं विसरलो.

मालकांनी पट्टी बघून एकच विचारलं, "मग ह्यात भंगार किती खपेल?"

आठवड्यात मागच्या शेडमध्ये ढीग पडला. सलाईनच्या बाटल्या, काहींत सुया तशाच. शेतांतून गोळा केलेले कीटकनाशकाचे कॅन, तळाशी पिवळट चिकटा. धुणं म्हणजे एका हौदात बुचकळणं. तो वास टाळूला बसायचा. घरी भाकरीलाही तोच यायचा. कॅन निवडणाऱ्या मावशींच्या हातांची सालं निघाली होती. त्यांनी मला विचारलं, "सायेब, ह्याचं काय व्हनार हाय?"

"हंडे."

"प्यायच्या पान्याचे?" तोंडाला पदर लावून त्या बाहेर धावल्या आणि भिंतीकडेला ओकल्या.

हंडे मात्र देखणे झाले. एकात पाणी भरून ठेवलं आणि सकाळी हुंगलं, तर फवारणीचा पंप उघडल्यागत. मालक म्हणाले, "काळा रंग वाढवा, थोडा सेंट टाका," आणि तपासणीचा कागद पुढे सरकवला.

मी त्याच हंड्यातलं पाणी ग्लासात ओतून त्यांच्यासमोर ठेवलं. "हे प्या, मग सही करतो."

"उद्यापासून येऊ नका," ते म्हणाले. ग्लासाला त्यांनी बोटही लावलं नाही. सही दुसऱ्या कुणीतरी केली.

काही महिन्यांनी बेलापूरच्या बाजारात तेच हंडे रचलेले दिसले. एक बाई एकावर टिचकी मारून पाहत होती. मी म्हणालो, "ताई, ह्यात पाणी भरू नका. विषाचे डबे वितळवून केलाय."

"तुमाला काय ठावं?"

"ह्या प्लास्टिकचा मसाला मीच जमवून दिलाय."

तिनं हंडा खाली ठेवला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पचकन थुंकून पुढे गेली.