कोळशाच्या वाटेवरचे अकरा दगडी बैल

कॉलेजात इतिहास शिकवायला लागून वीस वर्षं झाली, तरी आपल्याच जिल्ह्यातल्या वणीच्या कोळसा खाणी मी पाहिल्या नव्हत्या. खाणीच्या वाढीव जागेवरची जुनी देवळं, दगड, विहिरी नोंदवायला येता का, अशी खाणीच्या कचेरीतून विचारणा झाली आणि मी लगेच हो म्हटलं.

यवतमाळहून सकाळची एसटी घ्या. करंजी, मारेगाव करत तीनेक तासांत वणी. स्टँडसमोर तर्री-पोहे पोटभर खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. तिथून काळीपिवळी जीप. रस्त्यावर कोळशाचे ट्रक अखंड चालू, त्यामुळे पांढरे कपडे घालू नका. मी घातले होते.

पहिल्या दिवशी खाणीचा सर्वेअर सोबत होता, तरुण आणि नम्र माणूस. एक मारुतीचं देऊळ आणि बांधावरचे दोन वीरगळ यादीत गेले. मग बंजारा तांड्यामागची एक जागा आली. नकाशात लिहिलं होतं, ‘पडकी विहीर, निरुपयोगी’. खाणीतून निघालेल्या मातीचा ढीग तिथेच टाकायचा होता. काठावर बाभळी, आत गाळ. मलाही तसंच वाटलं आणि मी परत फिरले.

तेवढ्यात तांड्यातल्या सोनीबाईंनी हाक मारली, “आव याडी, बेस.” म्हणजे ये माय, बस. सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी खाटेवर बसवून पाणी दिलं आणि म्हणाल्या, “हे विहीर नाही बाई, पायऱ्यायची बारव हाय. आमचे लोक बैलायवर मीठ लादून इकडून जायचे. त्यायनं बांधली.”

पुराव्याशिवाय मला तसं लिहिता येत नाही, हे मी समजावलं. त्यांना ते पटलं. पुरावा गाळाखाली आहे, म्हणाल्या. सून म्हणून इथे आल्या तेव्हा सासूनं पायरीशेजारी कोरलेले बैल दाखवले होते. सर्वेअर घड्याळ बघत होता. नकाशा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंजुरीसाठी पुढे जाणार होता.

सकाळी मी पोचले तर तांड्यातल्या बाया विळे-घमेली घेऊन आधीच कामाला लागलेल्या. त्या वर्षी कापसाला भावच नव्हता. वेचलेला कापूस घराघरांत पडून होता. दुपारी सोनीबाईंकडे भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली, ती अक्षरशः कापसाच्या ढिगाला टेकून. इतकं मऊ आसन मला कुठल्या हॉटेलात मिळालेलं नाही.

तीनच्या सुमारास गाळाखाली पायरी लागली. शेजारचा दगड धुतला आणि पाठीवर गोण्या घेतलेला एक बैल दिसला. मग दुसरा. बाया मोजू लागल्या. अकरा बैल आणि सगळ्यात मागे शेपटी वर केलेलं एक कुत्रं. सोनीबाई कुत्र्यावर हात ठेवून हसत राहिल्या. सासूनं त्याचं काही सांगितलं नव्हतं.

मी फॉर्म भरायला घेतला. ‘बांधणारे’ या रकान्यात सवयीनं ‘अज्ञात’ लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं.

“अज्ञात कायले?” त्या शांतपणे म्हणाल्या. “आम्ही बसलो ना इथं.”

मला लाज वाटली. खोडून लिहिलं: मीठ वाहणारे बंजारा.

सर्वेअर स्वतः खाली उतरला, त्यानं टेप लावून मापं घेतली, नकाशा उघडून पाहिला. मग म्हणाला, “मॅडम, बारवेखाली कोळसा नाही. ढीग पलीकडे सरकवता येईल. मी लिहून देतो.”

दीड महिन्यानं सुधारित नकाशा आला. ढीग पलीकडच्या पडीक जमिनीवर गेला होता आणि बारवेभोवती कुंपणाची रेघ होती. बाकी खाण ठरल्याप्रमाणे वाढली. बांधावरच्या वीरगळांना जागा सोडून दुसरीकडे जावं लागलं, याची खंत आहे.

तुम्ही गेलात तर दुपार कलल्यावर जा; तिरप्या उन्हात बैल स्पष्ट दिसतात. तांड्यात विचारल्याशिवाय खाली उतरू नका.

घरी आल्यावर तो पांढरा ड्रेस काही स्वच्छ झाला नाही. वर्गात मात्र एक बदल झाला. मध्ययुगीन व्यापार शिकवताना मी मालवाहतुकीला एक वाक्य देत असे. आता अख्खा तास जातो आणि तोही अपुरा पडतो.