पुढचं पान मराठीत

"बाई, तुम्ही कॉलेजात फायली उचलता ना? उचलताना वाचता का?"

समोर कर्ज देणाऱ्या कंपनीचा साहेब. मी नाही म्हणाले. खरंच वाचत नव्हते.

"मग इथेच कशाला वाचायला बसताय? सही करा आणि मोकळ्या व्हा. मागे रांग आहे."

बसले कुठे होते? उभीच होते. खुर्ची होती समोर, पण तिच्यावर त्याची बॅग ठेवली होती. टेबलाच्या कोपऱ्यावर वाकून मी पहिल्या पानाची पहिली ओळ लावत होते. इंग्रजी. मागे रांगेत कोणीतरी हसलं. मग दोघं-तिघं हसले. गळ्यात आयटी कंपनीचं कार्ड घातलेलं एक जोडपं शेजारच्या टेबलाशी बसलं होतं, त्यांच्यासाठी पाणी आलं होतं. त्यातली बाई माझ्याकडे बघून लगेच खाली बघायला लागली.

मी फक्त एवढंच विचारलं होतं, "साहेब, हे कर्ज किती वर्षांचं?"

सही केली. चौदा पानांवर चौदा. उभ्याने वाकून करताना एक सही वेडीवाकडी आली, तर तो म्हणाला, "नीट करा, बँकेत अंगठा चालत असेल, इथे चालत नाही." अंगठा मी जन्मात कधी लावलेला नाही. दहावी पास आहे मी. पण तेव्हा पुढचं पान ओढलं आणि सही केली. हैदराबादच्या हिमायतनगरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरून जिना उतरताना कान जळत होते, आणि मला राग त्याचा आला नव्हता. स्वतःची लाज वाटत होती. त्या लाजेचाच राग आजही येतो.

हा साहेब मराठी. पुण्याहून आलेला. फोनवर मला "ताई" म्हणायचा. ऑफिसात गेल्यावर आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग गावात घर कोणत्या बाजूला ते विचारलं. फॉर्मवर "अटेंडर", म्हणजे शिपाई, लिहिलं. तिथून पुढे मी "बाई" झाले. आम्हाला हे प्रश्न कळतात. लहानपणापासून कळतात.

आता पत्राचं सांगते, कारण सगळं त्या पत्राने केलं.

मलकपेठला रेसकोर्सच्या मागे आमचं दोन खोल्यांचं घर. बाबा रेसकोर्सवर सईस होते, बड्या लोकांच्या घोड्यांना मालिश करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. घोड्यांचे तबेले पक्के होते, आमची तेव्हाची झोपडी पत्र्याची. नवरा गेला, त्याच्या जागी मी विद्यानगरच्या कॉलेजात अटेंडर लागले. लायब्ररीत पुस्तकं काढायची, लावायची. सरकारी बँकेचं कर्ज काढून हे घर घेतलं. माझ्या नावावर. आमच्या खानदानात बाईच्या नावाचं पहिलं घर. सात वर्षं फेडायची उरली होती. सात वर्षांनी कागद बँकेतून सोडवून आणायचे आणि बाबांच्या हातात द्यायचे, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

तेव्हा शहरात नवी नवी ऑफिसं उघडत होती. माधापूरकडे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. पुण्या-मुंबईची पोरं येऊन भाड्याने राहत होती. कर्ज म्हणजे आधी साहेबासमोर हात जोडून उभं राहायची गोष्ट. आता कर्जच दारी येऊन हात जोडायला लागलं. रोज एक पाकीट. इंग्रजीत नाहीतर तेलुगूत. बाबांना दोन्ही येत नाही. निजामाच्या काळात शाळा उर्दू, तीही चार दिवस. मराठी ते मोठेपणी रात्रीच्या वर्गात शिकले, पाटीवर बोट धरून. मराठी वाचायला मिळावं म्हणून पुडीचे कागद जपून ठेवायचे.

आणि एक दिवस पत्र मराठीत आलं.

"श्रीमती" लिहून माझं पूर्ण नाव. खाली "सप्रेम नमस्कार". हैदराबादेतल्या पन्नास वर्षांत आमच्या घराला मराठीत पत्र आलं नव्हतं. बाबांनी चष्मा लावला, उंबऱ्यावर बसले आणि मोठ्याने वाचलं. आपल्या बँकेतील गृहकर्जासंबंधी महत्त्वाचे. निवडक घरमालकांच्या विशेष यादीत आपले नाव. दर महिन्याच्या हप्त्यात घसघशीत बचत. पंधरा दिवसांच्या आत संपर्क साधावा. तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा तर सुरात.

मी म्हटलं, "बाबा, बँकेचंच आहे का हे?"

"हौ, बँकेचं नाव लिहिलंय की वर. आन् मराठीत लिहिलंय, माय. आपल्या मान्सानं लिहिलंय. खोटं कशाला लिहील?"

बँकेचं नाव वर होतं, मोठ्या अक्षरात. कंपनीचं नाव तळाला, मुंगीएवढं. ते आम्ही कोणी पाहिलंच नाही.

संध्याकाळी गल्लीतली कमलाबाई आली. नांदेडकडची. एकटी बाई, घरी ग्राइंडर लावून इडली-डोशाचं पीठ विकायची. तिलाही तेच पत्र. तिला वाचता येत नाही. बाबांनी तिचंही वाचलं, तेवढ्याच सुरात, आणि म्हणाले, "बघ, आपल्या गल्लीतले दोघं निवडले." पुढच्या आठवड्यात कळलं, गल्लीत ज्याचं ज्याचं कर्ज तो तो निवडला होता. अख्खी गल्ली निवडक. तेव्हाच हसून पाकीट चुलीत घालायला हवं होतं. आम्ही काय केलं? अभिमानाने एकमेकांना दाखवलं.

कमलाबाई कंपनीच्या ऑफिसात माझ्या आधी गेली, पंधरा दिवस आधी. तिचं सगळं होऊनही गेलं. कंपनीने तिचं बँकेचं कर्ज फेडलं, बँकेतून तिचे कागद निघाले आणि कंपनीच्या कपाटात गेले. हप्ता खरंच कमी झाला. बाबांना तिने डब्यात पीठ आणून दिलं, वाचून दाखवल्याबद्दल. मग मी गेले.

सह्या झाल्यावर साहेबाने झेरॉक्सचा गठ्ठा हातात दिला आणि म्हणाला, सोमवारी बँकेकडून उरलेल्या कर्जाचं पत्र आणा, म्हणजे चेक निघेल. मधे आठवडा होता. त्या आठवड्याने मला वाचवलं. नाहीतर साहेबाच्या जिभेनेच वाचवलं म्हणायचं. तो गोड बोलला असता तर मी गठ्ठा घरी नेऊन कपाटात ठेवला असता. "वाचता का" म्हणाला, ते डोक्यातून जाईना. जेवायला बसले की आठवे. पुस्तकं लावताना आठवे. हातात रोज शंभर पुस्तकं, आणि मी पाठीवरचा नंबर सोडून काही वाचत नाही. खरं बोलला होता तो. त्याचंच दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डिक्शनरी काढली आणि गठ्ठा घेऊन बसले. पहिल्या पानावर हसणारं कुटुंब, अंगण, कुत्रा. दुसऱ्या पानावर बचत. तिसऱ्यावर पुन्हा बचत. अर्धा तास गेला, हाती काही लागेना.

शेजारी गफूरभाई बसायचा. लायब्ररीचं बाइंडिंग त्याच्याकडे. फाटलेलं पुस्तक हातात आलं की तो आधी शेवटची पानं बघायचा, पानं तिथून आधी सुटतात म्हणून. माझी कसरत बघून म्हणाला,

"बाजी, आगे से कैकू पढ रे? पीछे से खोलो. आगे सेहरा है, सूरत पीछे है."

पुढे फुलांच्या मुंडावळ्या, खरा चेहरा मागे, असं त्याचं म्हणणं. मागून उघडलं. अक्षर बारीक. त्याने भिंग दिलं, जिल्दीची शिवण बघायचं. त्याला इंग्रजी येत नाही, मला एकेक अक्षर लावत येतं. तीन दिवस सुट्टीत आम्ही दोघं त्या पानांवर वाकून होतो. तो बोट ठेवी, मी शब्द शोधी.

व्याजाचा कमी दर पहिल्या वर्षापुरता. पुढे कंपनी ठरवेल तो. कंपनीची फी, वकिलाची फी, विम्याचा हप्ता, सगळं माझ्याच कर्जात मिळवलेलं. म्हणजे माझी बचत करण्याचा खर्चही मीच व्याजाने देणार. आणि शेवटून दुसऱ्या पानावर एका चौकटीत आकडा, दोनशे सोळा. पुढे शब्द, महिने.

बाराने भागलं. अठरा वर्षं.

मला वाटलं भागाकार चुकला. पुन्हा केला. गफूरभाईने बोटांवर केला. अठराच. सातची अठरा झाली होती. हप्ता कमी होणार होता तो यामुळे. दुसरी काही जादू नव्हती. सात वर्षांचं ओझं अठरा वर्षांवर पसरलं की रोजचं हलकं लागणारच. पण उचलायचं किती, ते कोण सांगणार?

मग आणखी एक ध्यानात आलं. मी चाळीसची. नोकरी अठ्ठावन्नपर्यंत. अठरा वर्षं. माझी नोकरी संपते तो महिना आणि त्यांचा शेवटचा हप्ता एकच. कोणीतरी माझ्या वयाचा आकडा घेऊन, माझ्या अंगात किती वर्षं काम उरलंय ते मोजून, तेवढी सगळी लिहून घेतली होती. बाबांनी घोड्यांच्या बाबतीत हेच पाहिलं होतं. दात बघून ठरवायचे, अजून किती धावेल.

घरी सांगितलं. बाबा मानायलाच तयार होईनात. "कुठं लिहिलंय? दाखव." दाखवलं. "हे विंग्रजी हाय. पत्र मराठीत आलंय. पत्रात असं काही नाही." पत्र पुन्हा काढलं, पुन्हा वाचलं, एकेक शब्दावर बोट ठेवून. पत्रात खरंच खोटं काही नव्हतं. हप्ता कमी होईल लिहिलं होतं. वर्षांचं काही लिहिलंच नव्हतं. बाबांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "कमलाचं म्या वाचलं." त्या रात्री ते जेवले नाहीत.

सोमवारी रजा टाकली आणि गेले. बँकेचं पत्र नेलं नाही, गठ्ठा नेला. रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा खुर्चीवर त्याची बॅग होतीच. मी ती उचलून खाली ठेवली आणि बसले.

"हे काय? ती खुर्ची कस्टमरसाठी आहे."

"माहीत आहे."

गठ्ठा काढला. मागून उघडला. चौकटीवर बोट ठेवलं. विचारलं, "साहेब, हे दोनशे सोळा काय?"

तो आधी हसला. मग इकडे-तिकडे बघितलं. मग आवाज खाली आणून, "ताई, मराठी माणूस म्हणून सांगतो, तुमच्याच भल्याचं आहे. महिन्याला हातात पैसे उरतात की नाही?" पुन्हा ताई झाले होते मी.

"मराठी माणूस म्हणून ही मागची पानं मराठीत द्या. पुढचं दिलंत ना मराठीत. बोलावलंत मराठीत. मग बांधायचं कशाला इंग्रजीत?"

"तसं नसतं. ॲग्रीमेंट इंग्रजीतच असतं."

"मग सही पण नसते. माझा अर्ज परत द्या."

"सह्या झाल्यात तुमच्या. तेव्हा वाचलं नाहीत, ती माझी चूक?"

माझा आवाज चढला. चढू दिला. "कॉलेजात फायली मी वाचत नाही, कारण त्या माझ्या नसतात. ही माझी आहे."

रांगेत आज कोणी हसलं नाही. एका माणसाने हातातले कागद उलटे केले आणि शेवटचं पान काढलं. ते मी पाहिलं. साहेबानेही पाहिलं. म्हणून अर्ज परत मिळाला, माझ्या बोलण्याने नव्हे. चेक निघाला नव्हता, म्हणून सुटले. अर्जासोबत भरलेली फॉर्मची फी बुडाली ती बुडाली.

इथे थांबले असते तर गोष्ट बरी झाली असती. पण कमलाबाई सुटली नाही. तिला घेऊन मी चार वेळा त्या ऑफिसात गेले. मुदतीआधी बाहेर पडायचं तर दंड. दंड भरायचा तर दुसरीकडून कर्ज. साहेबाची बदली झाली, त्याच्या जागी दुसरा बसला, त्यालाही मराठी येत होतं. चौथ्या वेळी जिना उतरताना ती म्हणाली, "राहू दे बाई. पीठ आंबून जातंय घरी." वर्ष झाल्यावर दर वाढला आणि हप्ता पहिल्यापेक्षा जास्त झाला. ती पहाटे पिठाचा आणखी एक घाणा लावायला लागली. बाबांना तिने कधी एका शब्दाने दोष दिला नाही. तिने दिला असता तर बरं झालं असतं. बाबा तिच्या दारावरून जायचे बंद झाले. मराठी पुडीचा कागदही वाचेनात.

हे मी विसरणार नाही. माझ्या बापाला पन्नास वर्षांत एक पत्र त्याच्या भाषेत आलं, आणि ते त्याच्याच हातून शेजारणीचा गळा आवळायला आलं होतं. तो साहेब मला जे बोलला त्यापेक्षा मला याची जास्त चीड आहे. आमची भाषा ज्यांना फक्त दार उघडायला लागते, त्यांना मी आता दारातच उभं करते.

पाकिटं अजून येतात. नवी नावं, तीच विशेष यादी, तेच पंधरा दिवस. गल्लीतल्या बायका ती माझ्याकडे आणतात. मी पहिलं पान बाबांच्या हातात देते. ते नको म्हणतात. मी म्हणते, वाचा, मोठ्याने वाचा, आणि यात काय लिहिलेलं नाही ते सांगा. आता त्यांना ते बरोबर सापडतं. मागची पानं मी लावते, गफूरभाईच्या भिंगाने. आणि ज्या बाईला जायचंच आहे तिच्याबरोबर मी जाते. खुर्ची ओढते. तिला बसवते. शेवटचं पान आधी उघडते आणि एकेक ओळ विचारते, किती वर्षं, कोण ठरवणार, मराठीत कुठे आहे. साहेब घड्याळ बघतो. मागे रांग वाढते.

वाढू दे.