दातशेठनी डाव वाढवला

दातशेठचं काम असं, की ते नीट झालं तर कुणाच्या लक्षातच येऊ नये. तीन दवाखान्यांतून त्यांच्याकडे प्लास्टरचे जबडे यायचे आणि ते त्यांवर कवळ्या तयार करून परत पाठवायचे. आधी गुलाबी मेणाची कड, मग त्या मेणात एकेक दात. सुळा किंचित तिरपा, पुढच्या दोघांत केसभर फट, कारण अगदी कवायतीला उभे केल्यासारखे दात हसताना लगेच खोटे दिसतात. एकतीस वर्षं हेच केलं. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं तर भरलं," असं म्हणून ते स्वतःच आधी हसायचे.

कारखाना म्हणजे घरामागची एक खोली. शनिवारी दोनला काम बंद झालं की तिथल्याच टेबलावर पत्ते निघायचे. खेळणारे तिघं. दातशेठ, त्यांचा मेव्हणा आणि वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई. मेव्हण्याने सव्वीस वर्षं रुग्णवाहिका चालवली होती, आता निवृत्त होता आणि कुठेही थांबला की उगाच घड्याळ बघायचा. मास्तरीणबाईंनी आयुष्यभर गणित शिकवलं होतं. शाळा सुटली, पण समोरच्याकडे चष्म्यावरून बघायची सवय सुटली नव्हती.

खेळ पोकरचा, पण पैशाचा नाही. रंग चुकलेले, कडा उडालेले दात दातशेठ एका डब्यात टाकायचे. तेच वाटून घ्यायचे. दाढेला पाच, सुळ्याला दोन, पुढच्या दाताला एक. ज्याचे दात संपले तो 'बोळका', आणि बोळक्याने सगळ्यांचे कप विसळायचे.

प्रत्येकाला दोन झाकली पानं, मध्ये टप्प्याटप्प्याने उघडणारी पाच. त्या सातांतून ज्याची पाच सगळ्यांत भारी, तो जिंकला. समोरच्याने दात लावले, की वाटा तीनच. तेवढेच लावून बरोबरी करायची, त्याहून वाढवायचे, नाहीतर पानं टाकून गप्प बसायचं. मास्तरीणबाईंनी त्यात आपला एक नियम घुसवला होता. बरोबरीला मूठभर दात सरकवले तरी चालतील, पण वाढवणाऱ्याने ते एकेक करून ओळीत मांडायचे. "ढिगाचा हिशेब मला चालत नाही," त्या म्हणायच्या.

हाच नियम गेले तीन महिने दातशेठच्या जिवावर आला होता.

सुरुवात मेणाच्या सुरीने झाली. एका सकाळी ती प्लास्टरवर टकटक वाजायला लागली. दातशेठना आधी वाटलं, रस्त्यावरून ट्रक गेला. ट्रक गेला, टकटक राहिली. त्यांनी सुरी खाली ठेवली, हात समोर धरला. बोटं बारीक थरथरत होती, पाण्यावर वारा यावा तशी. त्या दिवसापासून ते कोपर टेबलाला टेकवून, श्वास रोखून दात बसवायला लागले. एका दिवसाच्या कामाला दोन दिवस लागायला लागले. दवाखान्यांतून फोन आले की "मेण खराब आलंय हो," म्हणून मेणावर ढकलायचे.

बायकोला सांगितलं नाही. डॉक्टरकडे गेले नाहीत. त्यांच्या वडिलांना कंपवात होता. शेवटची आठ वर्षं चमचा तोंडापर्यंत जायचा नाही, आई भरवायची, आणि वडील डोळे मिटून घास घ्यायचे. ते मिटलेले डोळे दातशेठ विसरले नव्हते. जोवर कुणी रोगाचं नाव घेत नाही तोवर तो आपल्याला झालेला नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. समजूत दिवसा टिकायची, रात्री नाही.

त्यामुळे शनिवारच्या खेळात ते पानं टाकायला लागले. टाकायला सोपं असतं. तळवा टेबलावर सपाट ठेवायचा आणि पानं पुढे ढकलायची. अगदीच राहवलं नाही तर मूठ आवळून बरोबरी करायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. तीन महिन्यांत त्यांनी एकदाही डाव वाढवला नव्हता, आणि कप विसळून विसळून त्यांच्या बोटांना साबणाचा वास यायला लागला होता.

त्या शनिवारी त्यांना हातात दोन सत्त्या आल्या. मध्ये पहिली तीन पानं उघडली, तर त्यांत तिसरी सत्ती, एक राजा आणि एक दुर्री. चौथं पान दुसरा राजा. तीन सत्त्या, दोन राजे. असा डाव वर्षातून एकदा येतो. पाचवं पान दश्शी निघालं. मेव्हण्याने तोंड वाकडं करून पानं टाकली. मास्तरीणबाईंनी चार दाढा पुढे केल्या आणि चष्म्यावरून बघितलं.

"बोला दातशेठ."

दातशेठनी विचार केला. बाईंकडे एक राजा नक्की आहे, म्हणजे त्यांचे तीन राजे. नुसते तीन राजे आपल्या तीन-दोनच्या डावाला हरवत नाहीत. पानं टाकणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. बरोबरी केली तर चार दाढा मुठीत मावतात, कुणाला काही दिसणार नाही. वाढवायचं तर आणखी चार दाढा ओळीत मांडाव्या लागणार, या दोघांच्या डोळ्यांदेखत.

मूठ आवळलेलीच होती. ती सरकवायची, एवढंच. आणि अचानक त्यांना या सगळ्याचा विलक्षण कंटाळा आला. पुढच्या शनिवारीही मूठ, त्याच्या पुढच्याही. किती दिवस?

"वाढवतो," ते म्हणाले. "आणखी चार."

पहिली दाढ ठेवली. दुसरी ठेवताना बोटं थरथरली आणि ती पहिलीवर आपटली. तिसरी हातातून निसटली, टेबलावरून घरंगळत खाली गेली.

"अरे वा!" मेव्हणा ओरडला. "दाजींचा हात थरथरतोय! बाई, पळा, जबर पानं आहेत!"

मास्तरीणबाई पानांकडे बघत नव्हत्या. "पानांचं नाही ते," त्या शांतपणे म्हणाल्या. "तीन महिने चाललंय. कप उचलायच्या आधी आम्ही दुसरीकडे बघायची तुम्ही वाट बघता."

दातशेठनी हात मांडीवर घेतला, मग पुन्हा टेबलावर ठेवला. लपवायचं आता उरलं काय होतं?

"वडिलांचं आलंय," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

"कोण म्हणालं? डॉक्टर?" मेव्हण्याने विचारलं.

"गेलो नाही."

"मग तुम्हीच परीक्षा देणार, तुम्हीच पेपर तपासणार?" बाई म्हणाल्या.

मेव्हण्याने नुसतं घड्याळ बघितलं. "सोमवारी नऊला गाडी दारात लावतो. ताईला मी सांगतो, नाहीतर तुम्ही सांगा. आजच."

दातशेठनी मान डोलावली. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले. मग बाईंनी आणखी चार दाढा लावून बरोबरी केली आणि पानं उलटवली. राजा आणि दश्शी. तीन राजे, दोन दश्श्या, आणि राजे सत्त्यांना भारी.

"हरलात," त्या म्हणाल्या.

दश्शीचा विचार दातशेठनी केलाच नव्हता. ते बघत राहिले आणि मग हसत सुटले, इतके, की बायको आतून बघायला आली.

तिला त्यांनी तिथेच सांगितलं. ती आधी चिडली. "तरीच! विजारी सैल होतायत, दुप्पट जेवताय, रात्रभर घामाने उशी भिजतेय, आणि मी विचारलं की म्हणे उकाडा!" मग भावाला म्हणाली, "नऊला नको, साडेआठला ये."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दातशेठना हात पुढे पसरायला सांगून बोटांवर एक कागद ठेवला. कागद फडफडला. मग नाडी बघितली, गळा चाचपला, वजन केलं. सात किलो कमी. रक्त तपासायला दिलं. बुधवारी तिघं पुन्हा त्यांच्यासमोर बसले.

"हा कंपवात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करतेय. त्याचीच ही थरथर, छातीतली धडधड, घाम, वजन उतरणं. गोळ्या नीट घेतल्या तर हात शांत होईल."

"नाही म्हणजे, नक्की नाही?"

"नक्की नाही."

"वडिलांना होता."

"वडिलांचा हात कधी थरथरायचा? स्वस्थ बसले असताना?"

"हो, नुसता मांडीवर असला तरी. चालताना पाय घासायचे."

"तुमचा काम करताना थरथरतो, आणि रिपोर्टही स्वच्छ सांगतोय. ही वेगळी गोष्ट आहे."

दातशेठचा जीव भांड्यात पडला. बायको पदराने डोळे पुसत होती आणि डॉक्टरीणबाईंना विचारत होती, आता जेवण कमी वाढायचं की तेवढंच? मेव्हणा उठून खिडकीपाशी गेला. सव्वीस वर्षांत त्याने दवाखान्यातून फारशा चांगल्या बातम्या नेल्या नव्हत्या. ही कशी न्यायची ते त्याला कळेना.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर दातशेठ खाली बसले. आजारी म्हणून नव्हे, नुसतंच बसावंसं वाटलं म्हणून. समोर एक माणूस दुकानाची काच पुसत होता. ते त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"अहो, चला ना," बायको म्हणाली.

"बस जरा," ते म्हणाले, आणि तीही बसली.

धडधड आठवड्यात कमी झाली. हाताला आणखी दीड महिना लागला. तोवर त्यांनी तिन्ही दवाखान्यांना फोन करून खरं ते सांगितलं. मेणाचा काही दोष नव्हता, माझा हात ठीक नव्हता, आता औषध चालू आहे. एका डॉक्टरने काम दुसरीकडे दिलं. बाकीचे दोघं थांबतो म्हणाले.

एका मंगळवारी सकाळी एका आजींची वरची कवळी समोर होती. दातशेठनी सुरी तापवली, मेण सैल केलं आणि पुढचे सहाही दात एका बैठकीत बसवले. कोपर टेबलाला टेकवलं नव्हतं, हे शेवटचा दात बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी जबडा उजेडात धरला, पुढच्या दोघांतली फट पाहिली, आणि दवाखान्याला फोन लावला. "आजींना गुरुवारी बोलवा," ते म्हणाले. "हो, याच गुरुवारी."