पाण्याखालचा प्रेस शॉप

कंपनीतून रोज दोन गोष्टी निघतात, स्क्रॅप आणि किस्से. स्क्रॅप टेम्पोत भरून जातं, किस्से मात्र साचतच राहतात. चाकणच्या आमच्या प्रेस शॉपला, म्हणजे पत्र्याचे पार्ट ठोकणाऱ्या खात्याला, मालकांनी खूश होऊन सहकुटुंब लक्षद्वीपच्या क्रूझवर नेलं, तेव्हापासून तर ठेवायला जागा नाही राव.

*

छोट्या बोटीतून प्रवाळ बघायला निघालो. गाइडने चष्मा, तोंडात धरायची नळी, जाकीट सगळं समजावलं आणि काही शंका आहे का विचारलं. आमचे सेफ्टी ऑफिसर मुलाणीसाहेब गंभीरपणे म्हणाले, "इमर्जन्सी स्टॉप किधर है?"

समुद्राला तो नसतो हे कळल्यावर साहेब बोटीतच बसले.

*

क्वालिटीच्या देशमाने मॅडम तासभर पाण्यावर पालथ्या तरंगत होत्या. खाली जांभळं, पिवळं प्रवाळ, त्यातून फिरणारे निळे मासे. वर आल्यावर म्हणाल्या, "एकासारखा दुसरा पीस नाही. अख्खा लॉट रिजेक्ट." आणि परत उतरल्या.

*

पाण्यात बोलता येत नाही, खुणा शिका, असं गाइड म्हणाला. आम्ही हसलो. पत्रा ठोकणाऱ्या मशीनच्या धडधडाटात आम्ही वर्षानुवर्षं हातानेच बोलतो. पाण्यात कुणीतरी सवयीने अंगठा ओठांकडे नेला, म्हणजे चहा आला! सगळे एकदम बोटीकडे वळले. सगळ्यांच्याच नाकातोंडात पाणी गेलं असं वाटून गाइडने शिट्टी फुंकली, दोर टाकले. दोर धरून वर आलेल्या प्रत्येकाने त्याला चहाचं विचारलं.

*

जगतापअण्णा आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. प्रेसने त्यांचे कान नेले, आणि कानाचं मशीन लावायला ते तयार नाहीत. बोटीत वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, लाडानं बोलायचं तरी वरडावं लागतं. सगळी बिल्डिंग ऐकती. मग मी तसलं बोलतच न्हाई." मला फार वाईट वाटलं.

पाण्याला भिऊन त्या शिडीवरच अडल्या होत्या. खालून अण्णांनी तळहात छातीवर ठेवला. वहिनींनी मला अर्थ विचारला. प्रेसमध्ये हात घालून काम करणाऱ्याला आम्ही ही खूण करतो, मी सांगितलं. मशीन बंद आहे, मी इथे उभा आहे, बिनधास्त हात घाल.

वहिनी उतरल्या. दोघं हात धरून दुपारभर माशांवर तरंगले, आणि अण्णा त्यांना एकेक खूण शिकवत राहिले.

*

मोशीत आम्ही अण्णांच्याच मजल्यावर राहतो. परत आल्यावर आठवड्याभरात माझी बायको काळजीत पडली. शेजारून आवाजच येईना. भांडण झालं असणार, समजूत घालू, म्हणून मला घेऊन गेली.

दार उघडंच होतं. वहिनी पोळ्या लाटत होत्या, अण्णा समोर लसूण सोलत बसलेले. वहिनींनी पिठाच्या हातांनी एक खूण केली. अण्णा लाजले आणि पुन्हा लसूण सोलायला लागले.

"काय म्हणाल्या हो?" बायकोने मला हळूच विचारलं.

ती खूण प्रेस शॉपची नव्हती.

"चहा संपलाय म्हणाल्या," असं सांगून मी तिला घरी आणलं.